फक्त ‘हात्तिच्या’ म्हणाले

(दक्षिण ऑस्ट्रेलिया. गहू आणि मेंढ्यांच्या एका शेतावरचं स्वयंपाकघर, डिसेंबरातली तापलेली दुपार. फ्रिजवर रेडिओ ठेवलाय, रानात गेलेल्या माणसांशी बोलायचा. सासू एनिड चर्चमध्ये फुलं लावून आत्ताच परतलीय. सून टीगन घरीच होती. सासरा क्लॅरी रानात गेलाय.)

एनिड: ...आणि माझ्या गुलाबांच्या पुढ्यात तिने आपले ताडमाड ग्लॅडिओली उभे केले. मी तोंडातून शब्द काढला नाही. फुलदाणी तेवढी फिरवली. चहा आहे का गं किटलीत?

टीगन: ताजा करते. पास्ट्या झाल्यात, मटण-बटाटा भरून. तुमची गरम करू?

एनिड: राहू दे, चर्चमध्ये खाणं झालं. क्लॅरी जेवून गेला ना?

टीगन: नाही, आलेच नाहीत. त्यांची पास्टी झाकून ठेवलीय.

एनिड: जेवायला आला नाही? क्लॅरी? अगं, वादळात या घराचं छप्पर उडालं तेव्हा डोक्यावर आभाळ घेऊन जेवला होता तो, या टेबलाशी.

टीगन: कामात असतील. सकाळी म्हणाले होते, ओढ्यापलीकडचं कुंपण बघतो. मध्ये रेडिओवर आले होते की.

एनिड: काय म्हणाला?

टीगन: विशेष काही नाही. मी बटाटे सोलत होते. रेडिओ खरखरला आणि क्लॅरी म्हणाले, ‘हात्तिच्या.’ मी विचारलं, काय झालं, सगळं ठीक ना? तर म्हणाले, ‘ठीक गं पोरी, ठीक. एनिड आली का?’ मी म्हटलं, अजून नाही. मग परत खरखर. मग काही नाही.

एनिड: कसं म्हणाला?

टीगन: काय कसं?

एनिड: ‘हात्तिच्या’ गं. ओरडला की हळू म्हणाला?

टीगन: हळू. अगदी शांतपणे. दूध जरासं उतू गेल्यावर म्हणतात ना, तसं.

एनिड: कावळ्यांना धोंडे मारा, सरड्यांना उपाशी ठेवा, अशी त्याची नेहमीची आरडाओरड?

टीगन: नाही.

एनिड: पवित्र बांगडा? चक्कर आलेली आत्या?

टीगन: नाही हो. फक्त ‘हात्तिच्या’ म्हणाले. सकाळी मोज्यात कुसळ गेलं तेव्हा अर्धं प्राणिसंग्रहालय बाहेर काढलं होतं त्यांनी. मला वाटलं, चला, आता स्वारी शांत झाली.

एनिड: गॅस बंद कर. सरक, मला रेडिओपाशी येऊ दे.

टीगन: एनिड, तुमचा चेहरा असा का झालाय?

एनिड: क्लॅरी. एनिड बोलतेय. क्लॅरी, ऐकू येतंय का? ...क्लॅरी.

टीगन: बॅटरी संपली असेल त्यांची.

एनिड: कधीची गोष्ट ही?

टीगन: जेवणाच्या आधीची. बराच वेळ झाला. काय झालंय, मला सांगाल का?

एनिड: तो माणूस ओरडतो ना, तेव्हा काहीसुद्धा झालेलं नसतं. जेवढा आवाज मोठा, तेवढी गोष्ट बारकी. आणि हळू बोलला की धावायचं असतं. थांब, शेजारच्या रेक्सला विचारते. रेक्स, एनिड बोलतेय, आहेस का तिकडे?

रेक्स: हं. बोला एनिड.

एनिड: कुठे आहेस?

रेक्स: तुमच्या कुंपणाला लागून. मळणीयंत्राचा पट्टा गेलाय. बघत बसलोय त्याच्याकडे.

एनिड: तो राहू दे. क्लॅरी जेवायला आला नाही आणि रेडिओवर उत्तर देत नाही. ओढ्यापलीकडच्या कुंपणाला गेलाय म्हणे. जाऊन बघतोस का?

रेक्स: त्याचा पिकअप कुठे लांब बंद पडला असेल. शिव्या घालत येत असेल चालत.

एनिड: शिव्या घालत नाहीये, रेक्स. ‘हात्तिच्या’ म्हणाला.

रेक्स: ...हळू?

एनिड: हळू.

रेक्स: निघालो.

टीगन: आपणही जाऊ. तुमची गाडी आहे ना दारात.

एनिड: माझी गाडी ओढ्याच्या वाळूत रुतेल, मग रेक्सने कुणाकुणाला शोधायचं? तुझा लायल तर गव्हाचा ट्रक घेऊन कोठाराच्या रांगेत उभा असेल, त्याला हाक पोचायची नाही. रेडिओपाशी माणूस हवं. इथेच बसायचं.

टीगन: बसायचं काय? हातावर हात ठेवून?

एनिड: हो. सगळ्यात अवघड काम आहे ते.

टीगन: मला कळतच नाहीये. रेक्सलाही लगेच कळलं. एक साधा शब्द. माझी आजी चष्मा सापडला नाही की म्हणते तो शब्द.

एनिड: तुझी आजी क्लॅरी नाही. तो लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीतून या घरात आला. त्या लोकांचं तोंड तुला माहीत नाही. मेंढ्याही लाजायच्या. आणि माझे वडील चॅपलमध्ये प्रवचन करणारे. वडिलांनी त्याला या टेबलाशी बसवून सांगितलं, माझ्या छपराखाली एकही अपशब्द चालणार नाही. क्लॅरी म्हणाला, ‘क्रायकी, एकसुद्धा नाही?’

टीगन: क्रायकी तर चालतं की.

एनिड: माझ्या वडिलांना नाही चाललं. म्हणाले, क्रायकी म्हणजे ख्रिस्ताचंच नाव, तोंडावर रुमाल बांधून बाहेर पडलेलं. स्ट्रूथमध्ये तर देवाची शपथ लपलीय. बिचाऱ्याने विचारलं, मग अंगठ्यावर हातोडा बसला तर मी म्हणू काय? वडील म्हणाले, देवाने इतके प्राणी केलेत, त्यांच्यातलं कुणीतरी घे.

टीगन: म्हणून ते कावळे आणि सरडे.

एनिड: म्हणून कावळे, सरडे. सगळं अख्खं रान. लग्नासाठी माणसं काय काय सोडतात, याने शिव्या सोडल्या. पण तोंड ते तोंडच. शिव्या गेल्या, आवाज राहिला. रेडिओवर त्याचं सुरू झालं की आसपासच्या घरांत बायका हातातलं काम टाकून ऐकत बसतात.

टीगन: सकाळी माझा हात तव्याला लागला, मी एक शब्द बोलले, तर सगळी भांडी माझ्या गळ्यात. ते अख्खं गाव गोळा करतात तर चालतं.

एनिड: ज्याच्या तोंडून शिवी, त्याच्या हातात भांडी. वडिलांपासूनचा नियम आहे. आणि तुझा शब्द एक होता, पण तसला एक पुष्कळ झाला.

टीगन: भाजलं होतं मला, एनिड. ते नाही विचारलंत.

एनिड: ...हो. नाही विचारलं.

रेक्स: एनिड, ओढ्यावर आहे. कुंपण तुटलेलंच आहे अजून. पिकअप नाही, माणूस नाही.

एनिड: चाकोऱ्या?

रेक्स: कालच्या. आज कुणी फिरकलेलं दिसत नाही. आता कुठे बघू?

एनिड: थांब जरा. टीगन, अजून काय म्हणाला होता तो सकाळी? आठव.

टीगन: कुंपण म्हणाले. शप्पथ, कुंपणच म्हणाले.

एनिड: मग तिथे का नाही तो? तू परत विचारायला हवं होतंस. माणूस रेडिओवर येतो, अर्धं बोलतो, गप्प होतो आणि तू बटाटे सोलत बसतेस.

टीगन: विचारलं मी. ‘ठीक’ म्हणाले ते. या घरात ठीक म्हणजे ठीक नसतं, ओरडणं म्हणजे काही नसतं आणि ‘हात्तिच्या’ म्हणजे धावायचं, हे मला कुणी सांगितलं होतं? सहा महिने झाले मला इथे येऊन. भांडी कुणी घासायची ते पहिल्या दिवशी सांगितलंत. हे नाही सांगितलं.

रेक्स: एनिड, बटण दाबलेलंच राहतंय तुमचं. सगळं ऐकू येतंय इकडे.

एनिड: येऊ दे. ...टीगन, इकडे बस. रागाने नाही विचारत आता. तो बोलत होता तेव्हा मागे काय ऐकू येत होतं?

टीगन: मागे?

एनिड: डोळे मीट. हातात बटाटा आहे. रेडिओ खरखरला. तो ‘हात्तिच्या’ म्हणाला. त्याच्या आवाजामागे काय होतं?

टीगन: वारा. नाही, फक्त वारा नाही. काहीतरी कुरकुरत होतं. लोखंडी. किर्र, ठक. किर्र, ठक. आणि पाणी. पत्र्यात पाणी पडल्यासारखं. मला वाटलं, आपलाच नळ राहिलाय. मी उठून बघितला पण.

एनिड: पवनचक्की. जुन्या रानातली, पाणी उपसायची. रेक्स, ऐकलंस?

रेक्स: ऐकलं. वळवतोय गाडी.

एनिड: ईस्टरला चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत, या माणसाने मला वचन दिलं होतं, पुन्हा चक्कीच्या शिडीवर पाय ठेवणार नाही म्हणून. मला आणि तुला कुंपण सांगून गेला. लबाड म्हातारा.

टीगन: उंच आहे ती?

एनिड: आहे.

टीगन: मी अँब्युलन्सला फोन करते. सापडायची वाट नको बघायला.

एनिड: कर. कर बाई. मला सुचलंच नाही.

टीगन: हॅलो. आमच्या शेतावर माणूस पडलाय, पवनचक्कीवरून, असं आम्हाला वाटतंय. नाही, अजून बघितलं नाही कुणी. शहात्तर. नाही, आवाज नाही, रेडिओवर उत्तर देत नाहीत. शेवटचं बोलले तेव्हा? तेव्हा ‘हात्तिच्या’ म्हणाले. हो, हळू. ...हो, क्लॅरीच. ओळखता तुम्ही? थांबा, एनिड रस्ता सांगतायत. मोठ्या फाटकाने आत या, पाण्याच्या टाकीवरून डावीकडे, मग सरळ जुन्या रानात. शेजारी पुढे गेलेत. थँक्यू. ...निघाले ते. गावातल्या दुकानवाल्या बाई होत्या, अँब्युलन्सही त्याच चालवतात म्हणे. मी ‘हळू’ म्हटल्यावर पुढे काही विचारलंच नाही त्यांनी.

एनिड: तिच्या बापाच्या लोकर कातरायच्या शेडमध्येच बोट गेलं होतं त्याचं.

टीगन: कसलं बोट?

एनिड: डाव्या हाताचं, अर्धं. तू बघितलंयस. कातरणीच्या यंत्रात गेलं. तिथून मोटार चालवत घरी आला, या दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘हात्तिच्या. एनिड, एखादं जुनं फडकं आहे का गं?’ मी पाठमोरी होते. पण मागे न बघता कळलं मला. फडकं नाही, चादरच ओढली मी.

टीगन: न बघता कसं कळलं?

एनिड: कारण तोवर मी एकदा चुकले होते. तू आज चुकलीस तशीच.

टीगन: कधी?

एनिड: लायलच्या आधी आम्हाला मुलगी झाली होती. मार्गरेट. झाली म्हणजे... रडली नाही ती. डॉक्टर बाहेर जाऊन क्लॅरीला सांगत होते आणि दार उघडं होतं. मला वाटलं, आता हा ओरडेल. भिंत फोडेल. कावळे, सरडे, जे काय असेल ते सगळं आज खरंखुरं ओरडेल. मला हवं होतं ते. माझ्या अंगात ओरडायची ताकद नव्हती गं. आणि तो म्हणाला, ‘हात्तिच्या.’ एवढंच. कप फुटल्यासारखं.

टीगन: अरेरे.

एनिड: अख्खा हिवाळा मी त्याच्याशी बोलले नाही. जेवण वाढायचे आणि उठून जायचे. वाटायचं, मोज्यात कुसळ गेलं तर याला सगळं जग कमी पडतं आणि माझ्या मुलीसाठी हा एवढासा शब्द. त्याने कधी सांगितलं नाही की त्याच्याकडे दुसरा शब्दच उरला नव्हता. बोट गेलं तेव्हा कळलं मला. दारात तो तसाच उभा होता, तोच आवाज, आणि जमिनीवर रक्त. तेव्हा मला ते दवाखान्याचं दार आठवलं. मलाही कुणी सांगितलेलं नव्हतं, टीगन.

टीगन: मला माहीत नव्हतं तुमची मार्गरेट...

एनिड: लायललाही नीट माहीत नाही. तुला सांगायला हवं होतं. भांड्यांच्या आधी.

रेक्स: एनिड.

एनिड: बोल.

रेक्स: चक्की दिसतेय. पिकअप आहे. त्याची कुत्री टाकीपाशी बसलीय.

एनिड: भुंकतेय?

रेक्स: नाही. नुसती बघतेय माझ्याकडे. उतरतो मी.

टीगन: रेक्स, तुम्ही—

एनिड: श्श. त्याला चालू दे.

टीगन: हात द्या तुमचा. किती गार पडलाय.

एनिड: किती वेळ लागतो माणसाला गाडीतून टाकीपर्यंत जायला?

रेक्स: सापडला.

एनिड: जिवंत?

रेक्स: जिवंत. हौदाच्या सावलीत आहे. पाय वाईट दिसतोय, नको तिकडे वळलाय. शिडीची पायरी हातात आहे अजून. डोळे मिटलेत.

एनिड: बोलतोय का?

रेक्स: बोलतोय.

एनिड: काय म्हणतोय?

रेक्स: म्हणतोय, ‘तसदीबद्दल माफ कर, रेक्स.’

एनिड: आणखी?

रेक्स: ‘तुझ्या मळणीचा खोळंबा झाला असेल.’

एनिड: अरे देवा.

टीगन: शुद्धीवर आहेत ना? चांगलंच आहे की.

एनिड: यात चांगलं काय आहे? शेजाराला चाळीस वर्षं झाली, या माणसाने रेक्सची कधी माफी मागितलेली नाही. त्याचं कुंपण तोडलं तेव्हाही नाही. रेक्स, मान हलवू नकोस त्याची. ओठ ओले कर. टोपीने सावली धर. आणि झोपू देऊ नकोस, अँब्युलन्स येतेय.

रेक्स: झोपतोयच तो. म्हणतोय, जरा पडतो.

एनिड: पडायचं नाही. चिडव त्याला.

रेक्स: काय करू?

एनिड: चिडव. राग आण.

रेक्स: एनिड, माणूस असा पडलाय समोर...

एनिड: निळ्या फितीचं काढ.

रेक्स: ते नको हो.

एनिड: काढ म्हणते ना. आणि तो बोलला की बटण दाब, मला ऐकू दे.

रेक्स: ...बरं. क्लॅरी. ए क्लॅरी. प्रदर्शनात तुझ्या मेंढ्याला निळी फीत मिळाली ना, पहिला नंबर. त्या दिवशी पंचाचा चष्मा गाडीत राहिला होता.

क्लॅरी: ...हं.

एनिड: आणखी.

रेक्स: सगळ्या गावाला माहीत आहे. कुणी बोलत नाही तुझ्या वयाकडे बघून. लोकर आखूड आहे त्याची.

क्लॅरी: ...असेल बाबा.

टीगन: ‘असेल’ म्हणाले.

एनिड: रेक्स, पाय. मेंढ्याच्या पायांवर ये.

रेक्स: आणि पाय फताडे आहेत तुझ्या मेंढ्याचे.

क्लॅरी: ...काय आहेत?

रेक्स: फताडे. बदकासारखे. चालतो तेव्हा आमची पोरं हसतात.

क्लॅरी: बदका...

रेक्स: सारखे.

क्लॅरी: कावळ्यांना...

एनिड: हां. ये. ये, म्हाताऱ्या.

क्लॅरी: कावळ्यांना धोंडे मारा आणि सरड्यांना उपाशी ठेवा! बदकासारखे? माझी चक्कर आलेली आत्या आंधळी आहे, तिलासुद्धा दिसतात ते पाय! खांब आहेत खांब, चॅपलचे! स्ट्रूथ, रेक्स नीट्श्के, तुझा तो मेंढा म्हणजे फाटकी गादी, आणि पवित्र बांगड्याची शपथ, पंच जर आंधळा असता ना तर तुला दुसरा नंबर मिळाला असता, तिसरा नाही! आणि तोंडावरची ती टोपी काढ, वास येतोय तिला!

टीगन: एनिड? एनिड, ओरडतायत ते.

एनिड: हो गं. ओरडतोय.

टीगन: तुम्ही रडताय.

एनिड: रडू दे जरा. किती छान ओरडतोय बघ. स्ट्रूथसुद्धा म्हणाला. वडील असते तर भांडी घासायला लावली असती.

रेक्स: एनिड, बास की अजून?

एनिड: बास. उपकार झाले तुझे. मला बोलू दे त्याच्याशी.

रेक्स: धर क्लॅरी. घरून आहे.

क्लॅरी: एनिड.

एनिड: मी आहे.

क्लॅरी: ते शिडीचं असं झालं, की...

एनिड: शिडीचं नंतर. चांगलं सावकाश, मी सांगेन तेव्हा. दुखतंय का?

क्लॅरी: दुखतंय, क्रायकी, दुखणार नाही तर काय. पोरीला रागावू नकोस.

एनिड: कोण रागावतंय?

क्लॅरी: माझा रेडिओ हौदात पडला, पण त्याआधी तिच्याशी बोललो होतो. मी पडलोय असं म्हणालो असतो तर पायी धावत सुटली असती रानात, या उन्हात. रस्ता तिला माहीत नाही, घरात दुसरं कुणी नाही. आणि तू काही येतच होतीस. म्हटलं, एक शब्द टाकून ठेवावा. तू आलीस की ती सांगेल, तुला कळेल. फक्त तिने बदलू नये. नाहीतर शहरातली माणसं, मी म्हणतो एक, ती सांगतात, क्लॅरी जरा वैतागलेत.

एनिड: नाही बदलला. जसाच्या तसा दिला. हळू म्हणालास तेही सांगितलं. आणि मागे चक्की कुरकुरत होती ते तिच्यामुळेच कळलं. नाहीतर रेक्स अजून ओढ्यावर फिरत असता.

क्लॅरी: चक्कीसुद्धा ऐकली? बटाटे सोलताना? लायलला दहा वेळा हाक मारली तरी ऐकू येत नाही. शहाणी आहे. तिला म्हणावं, माझी पास्टी कुत्रीला घालू नकोस.

टीगन: झाकून ठेवलीय, क्लॅरी. तुमच्यासाठीच आहे.

क्लॅरी: ...ऐकतेयस होय तू? बरं. छान केलंस पोरी. अरे, ही कोण मंडळी? आली का? ए बाई, कात्री कशाला? ही विजार नवीन आहे! कावळ्यांना धोंडे मारा, मागच्याच नाताळची आहे ती, एनिड, सांग तिला, शिवणीवर काप म्हणावं, शिवणीवर!

रेक्स: एनिड, आता मी आहे परत. दुकानवाल्या बाई म्हणतात, पाय मोडलाय, आणि बरगड्या दुखावल्यात बहुतेक. पण डोकं ठिकाणावर आहे. मोठ्या हॉस्पिटलला नेतायत. तुम्ही तिकडेच या.

एनिड: येतो. रेक्स, तुझ्या मळणीचं...

रेक्स: तो पट्टा कुठे पळून जातोय? आणि एनिड, एक सांगा त्याला, बरा झाल्यावर. पाय चांगले आहेत त्याच्या मेंढ्याचे.

एनिड: तूच सांग. माझ्यावर विश्वास नाही बसायचा त्याचा.

टीगन: गेली का अँब्युलन्स?

एनिड: ऐक ना. निघाली. अजून ऐकू येतोय रेक्सच्या रेडिओवर. आत्याच्या पुढे काकूपर्यंत पोचलाय.

टीगन: —! सॉरी. सॉरी, एनिड. तोंडातून गेलं. जीव गेला होता माझा, आणि आता एकदम... सॉरी. घासते मी भांडी.

एनिड: काय म्हणालीस?

टीगन: तुम्ही ऐकलंत.

एनिड: मला नाही काही ऐकू आलं. वय झालं माझं. आणि भांडी आज मी घासणार आहे.

टीगन: तुम्ही का? तुम्ही काय बोललात?

एनिड: बोलले नाही. मगाशी रेक्स ‘डोळे मिटलेत’ म्हणाला ना, तेव्हा मनात म्हटलं. तुझाच सकाळचा शब्द. माझ्या वडिलांनी मनातलंही धरलं असतं.

टीगन: खरंच? तो?

एनिड: दोनदा. दाखव तो हात. कुठे भाजलंय? ...अगं, फोड आलाय की. लोणी लावलंस का?

टीगन: गार पाण्याखाली धरला होता.

एनिड: ठीक केलंस. आता असं कर, माळ्यावरची छोटी बॅग काढ. त्याचा दाढीचा ब्रश, चष्मा, चट्ट्यापट्ट्याची विजार. लायल कोठारावरून फोन करेल, त्याला म्हणावं थेट हॉस्पिटलला ये. आणि ती पास्टी फडक्यात बांध, नाहीतर त्या नर्सेसना कावळे-सरडे ऐकावे लागतील.

टीगन: तुम्ही आधी दोन घोट चहा घ्या. पाणी मगाशीच परत ठेवलं होतं, उकळलंय. मी ओतते.

एनिड: तू बॅग आण. चहा मी ओतते. मी काय पडलेय चक्कीवरून? पडला तो. मला काय झालंय. साखर घालते हां आज, आई म्हणायची, धक्क्यावर साखर. ...तुझा कप कुठला, निळा ना? ...बघ, सगळं ठीक आहे. पाय काय, पाय बसतो. त्या वयातही बसतो. हिवाळ्याच्या आधी चालायला लागेल...

टीगन: बॅग मिळाली. ब्रश कुठे असतो त्यांचा?

एनिड: हात्तिच्या.

टीगन: एनिड?

एनिड: काही नाही गं. थोडा चहा सांडला बशीत.

टीगन: ऐकलं मी, एनिड. ठेवा ती किटली. आले मी.